बारा सर्व्हर आणि एक भोंगा

त्या दिवशी मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की आज स्क्रीनकडे टक लावून बसायचं नाही. इतक्याशा ठरावातून एवढा घोळ होईल हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मुकाट बसलो असतो. अठरा वर्षं तेच करतोय.

आमची कंपनी पार्सलं पोचवते. तिचे बारा सर्व्हर नीट चालतात की नाही हे बघायला एक यंत्रणा आहे. यंत्रणा नीट बघते की नाही हे बघायला मी आहे. (मी नीट बघतो की नाही हे बघायला साहेब आहेत. त्यांचं काम सगळ्यात जास्त आहे.)

सासऱ्यांचं आदल्याच दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बायकोला रजा नव्हती, म्हणून मी घरून काम करणार होतो.

"बाबांच्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालायचे," चपला घालताना ती म्हणाली. "आणि त्यांना शांत पडू दे. जमेल ना?"

हे 'जमेल ना' मी लग्नापासून ऐकतोय. त्यातला प्रश्न हळूहळू कमी होत गेलाय.

ती गेल्यावर मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. या आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने दर पाच मिनिटांनी यंत्रणेला विचारायचं, बाराही जण कसे आहेत? यंत्रणा प्रत्येकाचा एक आकडा सांगते. शून्य म्हणजे सर्व्हर बंद असं धरून, शून्य आला रे आला की माझ्या फोनवर भोंगा वाजेल अशी सोय केली. बारीक आवाजाने मला जाग येत नाही, म्हणून भोंगा चांगला गिरणीचा निवडला.

पहिल्या पाच मिनिटांतच तो बारा वेळा वाजला.

"आग लागली का?" आतून सासऱ्यांनी विचारलं. ते निवृत्त गणित शिक्षक आहेत. पट्टीखालचा डोळा सोडला तर त्यांचं सगळं शाबूत आहे.

"नाही बाबा. सगळे सर्व्हर बंद पडलेत."

"सगळे? एकदम?"

मलाही ते जरा जास्तच वाटलं. लॅपटॉप उघडला तर स्क्रीनवर बाराही दिवे हिरवे. आता स्क्रीन अठरा वर्षं जुनी आणि स्क्रिप्ट मी स्वतः लिहिलेली. मी स्क्रिप्टवर विश्वास ठेवला.

एक सर्व्हर रीस्टार्ट केला. पुढच्या फेरीला अकराच भोंगे. बघा, उपाय लागू पडला! पण त्याच्या पुढच्या फेरीला परत बारा. मी दुसरा रीस्टार्ट केला, मग तिसरा. दुपारपर्यंत मी पोतं वाहिल्यासारखा दमलो होतो. शेवटी, ज्याच्या जिवावर बाकीचे चालतात तो मोठा सर्व्हरच रीस्टार्ट केला. तो परत उठला नाही, पण ते बघायला मी थांबलो नाही.

आणि घरात शांतता पसरली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. भोंगा नाही.

"झालं वाटतं," सासरे म्हणाले.

"झालं," मी म्हणालो आणि सोफ्यावर आडवा झालो. केलेल्या कामाचं इतकं समाधान मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

दीड तासाने साहेबांच्या फोनने उठवलं.

"काय चाललंय?"

"सगळं सुरळीत आहे सर. आत्ताच दुरुस्त केलं."

"इथे चाळीस गाड्या फाटकाशी उभ्या आहेत. एकाही पार्सलवर लेबल छापलं जात नाहीये. संध्याकाळपर्यंत निघाल्या नाहीत, तर उद्या तुम्ही येऊ नका."

मी लॅपटॉप परत उघडला. सासरे भिंत धरत बाहेर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं. आकडा शून्य असेल तर भोंगा वाजव.

"शून्य म्हणजे बंद, हे कुणी सांगितलं?"

"शून्य म्हणजे... काहीच नाही ना बाबा."

"माहितीपुस्तक असेल ना काही?"

होतं. पहिल्याच पानावर होतं. शून्य म्हणजे ठीक. एक म्हणजे इशारा. दोन म्हणजे बंद.

"शून्य तक्रारी," सासरे शांतपणे म्हणाले. "पोराच्या पेपरात शून्य चुका निघाल्या, तर त्याला नापास करतात का?"

मी मोठ्या सर्व्हरला कसाबसा उठवला. त्याच्यामागून बाकीचे एकेक उठले. साडेपाचला शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली. साहेब फक्त "उद्या या, बोलू" म्हणाले. त्यानंतर कुठे मला चारचे थेंब आठवले. दीड तास उशीर झाला होता.

बायको आली. "थेंब घातले वेळेवर?"

"घातले," मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले. माझा ऊर भरून आला.

पण जेवताना ती गप्प होती. डाव्या हाताने नुसतं कपाळ चोळत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

एवढा संसार केल्यावर 'काही नाही'चा अर्थ मला चांगला कळतो. तिला सगळं समजलं होतं. मग लपवण्यात काय अर्थ? मी भोंग्याचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, थेंबांचं सांगितलं. सांगण्याच्या ओघात हेही सांगून टाकलं, की तिचा निळा लोकरीचा स्वेटर लॉन्ड्रीवाल्याने आटवला नव्हता. मीच गरम पाण्यात टाकून मग त्याच्याकडे दिला होता. गेले सहा महिने ती त्या माणसाशी बोलत नाही.

सासऱ्यांनी चांगला डोळाही मिटून घेतला.

"माझं नुसतं डोकं दुखत होतं," ती म्हणाली. "बाकी खरंच काही नव्हतं."

मग पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाली, "आता आहे."