पातेल्यातली तपासणी

सकाळी साडेसातला तपासनीसांनी स्वयंपाकघरात येऊन दुधाचं पातेलं मागितलं, तेव्हाच त्यांच्या पत्नीनं ओळखलं की आज काही खरं नाही.

"कशाला हवंय?"

"हे उकळायचंय." तपासनीसांनी मूठ उघडली. आत काळ्या ऑइलनं माखलेला एक धातूचा तुकडा होता.

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. बेअरिंगच्या कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी तपासणी खात्यात काढली आणि निवृत्त होताना ते खातं घरी आणलं. नव्या छत्रीवर आधी बादलीभर पाणी ओतल्याशिवाय ते ती कुणाला वापरू देत नसत. गल्लीनं त्यांना हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं.

आजचा मामला मात्र छत्रीचा नव्हता. अकरा वाजता मुलीची मुलाखत होती. वर्षभर अर्ज केल्यावर आलेलं हे पहिलंच बोलावणं. कारखाना गावाबाहेर चाळीस किलोमीटरवर, तिकडची एकुलती एक बस पहाटेच गेलेली, आणि घरची गाडी आठवडाभर दहा मिनिटांत तापून वाफा सोडत होती. "गाडी माझ्यावर सोड," असं तपासनीसांनी मुलीला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. दोषही त्यांनी बसल्या जागी ठरवला होता. थर्मोस्टॅट. इंजिनातलं पाणी तापलं की आपोआप उघडणारी झडप. ती उघडत नाही, म्हणून इंजिन तापतं. मग त्यांनी भंगारवाल्याकडून तसाच एक वापरलेला थर्मोस्टॅट आणला आणि तो बसवायला गॅरेजवाल्या मेहुण्याला उजाडताच बोलावून घेतलं.

"पण गाडीत पाणी आहे का, ते बघितलंत का?" पत्नीनं विचारलं.

"पाणी!" तपासनीस हसले. "अगं, इंजिन आहे ते, फुलझाडाची कुंडी नव्हे."

इतक्यात मेहुणा गाडीतला जुना थर्मोस्टॅट घेऊन वर आला. "भावोजी, हा काढला. खाली घमेलं ठेवलं होतं, पण कपभरसुद्धा पाणी सांडलं नाही."

"शाब्बास! काम असं स्वच्छ हवं."

मेहुणा काहीतरी बोलणार होता. पण समोर बत्तीस वर्षांचा अनुभव उभा होता, म्हणून तो एवढंच म्हणाला, "द्या तो दुसरा. अर्ध्या तासात बसवतो."

"तपासल्याशिवाय नाही. उकळत्या पाण्यात उघडला तर पास, नाही तर नापास. आणि तो बिघडलेलाही दे इकडे. शेजारी ठेवला की फरक दिसतो."

दुधाचं पातेलं मिळालं नाही. तळ काळा पडलेलं एक मिळालं, त्यात दोन्ही तुकडे गेले, गॅस पेटला. मग तपासनीसांच्या लक्षात आलं की नोंदवही जवळ नाही. नोंदीशिवाय तपासणी म्हणजे त्यांच्या लेखी नुसता टाइमपास. ते वही शोधायला गेले. कपाट, माळा, पलंगाखालची पेटी असं सगळं पालथं घालून ते पंधरा मिनिटांनी विजयी मुद्रेनं परतले, तर गॅस बंद होता आणि ओट्यावरच्या ताटलीत दोन थर्मोस्टॅट लख्ख चमकत होते.

"हे काय केलंस?"

"घरभर ऑइलचा वास सुटला होता. पोरगी इस्त्रीचे कपडे घालून बसलीय. घासून टाकले दोन्ही."

"यातला जुना कुठला?"

"दोन्ही जुनेच ना?"

"एक आपला जुना. दुसरा भंगारातला जुना. म्हणजे आपल्याला नवा."

"मग नव्या जुन्याची ओळख करून द्यायची होती आधी!"

मुलगी दारात आली. "बाबा, साडेआठ झाले." आवाज शांत होता, पण हातातल्या फाइलचं टोक तिनं पार चुरगाळलं होतं. तपासनीसांनी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा ते पुन्हा खात्यात होते.

"सोपं आहे. उघडेल तो नवा, न उघडेल तो आपला. पाणी ठेव."

चौघंही पातेल्याभोवती वाकून उभे राहिले. पाणी सळसळलं, उकळलं. एका थर्मोस्टॅटनं हळूच तोंड उघडलं. दुसरा ढिम्म.

"पास!" तपासनीस ओरडले. वहीत वेळ पडली, सही पडली. मेहुण्यानं न उघडलेल्या तुकड्यावरची चांगली रबराची रिंग काढून पास झालेल्याला चढवली, उरलेला तुकडा जरा निरखून खिशात टाकला आणि तो खाली पळाला.

साडेनऊला मुलगी गाडी घेऊन निघाली. पावणेअकराला तिचा फोन आला. "पोचले, बाबा. तापमानाचा काटा जागचा हलला नाही!"

तपासनीसांचे डोळे भरून आले. "बघितलंत? वापरलेला माल होता. पण तपासून घेतला."

तेव्हा मेहुण्यानं खिशातला तुकडा काढून टेबलावर ठेवला. रिंग काढलेल्या खाचेत पिवळ्या रंगानं १२ लिहिलेलं होतं. भंगारवाल्याच्या पावतीवरही पिवळा १२ होता.

"म्हणजे हा भंगारातला?" पत्नीनं विचारलं. "मग गाडीत काय बसवलंस?"

"आपलाच, ताई. तो चांगलाच होता. घाईच्या वेळी कशाला बोला, म्हणून गप्प बसलो."

"मग गाडी तापत का होती?"

मेहुणा खिडकीबाहेर बघू लागला. "पाइपाची क्लिप ढिली होती. ती आवळली. आणि पाणी घातलं. पाच लिटर मावलं."

पत्नीनं "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, हे तपासनीसांना जास्त लागलं. त्यांनी वही उघडली, "पास" खोडलं आणि खाली नीट अक्षरात लिहिलं: दोष – पाणी नव्हतं. सापडला – पत्नीस, सकाळी साडेसातला. उपाय – पाणी भरलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती वही दुसऱ्यापुढे सरकवली.

"तपासणाऱ्याची सही लागते. इथे कर."

पत्नीनं चष्मा लावून सगळं वाचलं, पेन हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"संध्याकाळी गाडी येऊ दे, थंड होऊ दे. झाकण उघडून बघते, मग करते. बघितल्याशिवाय सही नाही."