पाहुणा येण्याबाबतचा अर्ज

आदिलाबादजवळ मावल्यातल्या एका खोलीत आम्ही तिघे राहतो आणि तिघेही शहरातल्या वेगवेगळ्या कार्यालयांत आउटसोर्सिंगवरचे कारकून आहोत. मागच्या उन्हाळ्यात कुकर कोणी घासायचा यावरून मारामारीची वेळ आली, तेव्हा आमच्यातल्या हर्षदीपने नियमावली केली. तोंडी काही चालणार नाही. जे असेल ते अर्जाने आणि तिघांच्या दस्तखताने. तेव्हापासून खोलीत शांतता आहे. कुकर तसाच आहे, पण त्याची फाइल स्वच्छ आहे.

सोमवारी हर्षदीपनेच अर्ज दिला. रविवारी सकाळी अकरा वाजता अश्विनीचे वडील चंपतराव खोली पाहायला येणार, तरी दोरीवरचे कपडे काढावेत आणि गोपालने, म्हणजे मी, अंगात शर्ट घालावा. अश्विनी शाळेत शिकवते. तिचं आणि हर्षदीपचं दोन वर्षांपासून जमलं होतं. रविवारी वडिलांना मुलगा पटला नाही, तर नांदेडचं स्थळ पक्कं होणार होतं.

मी आवक क्रमांक टाकला. आमच्यातल्या तिसऱ्याने, राजकुमारने, आक्षेप काढला : पाहुण्याचं अर्जदाराशी नातं नमूद नाही.

"सासरे लिहून टाक ना," मी म्हणालो.

"लगन कुठं झालं हाये अजून?" राजकुमार म्हणाला. "खोटी माहिती होते थे."

हर्षदीपने 'होणारे सासरे' लिहिलं. राजकुमारने होणार असल्याचा पुरावा मागितला. बुधवारी हर्षदीपने अश्विनीला फोन करून तसं लेखी मागितलं.

"तुमी खोलीत राह्यता का हापिसात?" ती म्हणाली. तरी बिचारीने लिहून दिलं. प्रेमात माणूस काय काय करतो, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. पत्रावर तारीख नव्हती, म्हणून मी ते परत पाठवलं.

तारखेचं पत्र शनिवारी आलं, तोवर राजकुमार बाजारहत्नूरला गावी गेला होता. दोन दस्तखतांवर मंजुरी होत नाही.

"गोपाल, दोरीवरचे कपडे तरी काढू दे," हर्षदीप म्हणाला.

"नियम तुहाच हाये," मी म्हणालो.

त्याला ते पटलं. खरं सांगतो, पटलं नसतं तर मी काढू दिले असते.

रविवारी अकराला चंपतराव लेकीसह आले. दोरीवर कपडे, माझ्या अंगात बनियन. चंपतराव तहसीलमधून निवृत्त झालेले. ते भडकतील असं वाटलं होतं, पण त्यांनी कारण विचारलं, मग फाइल मागितली आणि चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

"फाइल मस्त ठेवली पोट्टेहो," ते म्हणाले. "फक्त पानावर नंबर नाही."

हर्षदीपचा जीव भांड्यात पडला. अश्विनी मात्र अजून दारातच उभी होती.

"हर्षदीप, फाइल राहू दे," ती म्हणाली. "तुले माह्यासंग लगन करायचं हाये का नाही? आत्ता सांग."

हर्षदीपने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने चंपतरावांकडे पाहिलं. ते पानं मोजत होते. त्याने पुन्हा दाराकडे मान वळवली, तोवर ती जिना उतरली होती.

सोमवारी राजकुमारने येऊन दस्तखत केलं आणि अर्ज मंजूर झाला. महिन्याभरात अश्विनीचं नांदेडला लग्न लागलं. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

तुम्ही म्हणाल, सरळ हो म्हणायला त्याचं काय जात होतं? बरोबर आहे. पण हाच प्रश्न तुम्हाला विचारला गेला, तेव्हा उत्तर देण्याआधी तुम्ही कोणाकडे पाहिलं होतं?