सूनबाई साठ तास टिकते

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. त्या कागदापायी माझी सून माझ्या हातून जायची वेळ आली. तसा कागद निरुपद्रवी होता. अक्षरही सुवाच्य होतं, आणि तिथंच घोळ झाला. अक्षर गिचमिड असतं तर कुणी वाचलंच नसतं.

सुनेनं मला एक सुगंधी मेणबत्ती दिली होती. जाड काचेच्या ग्लासात भरलेलं मेण, मध्ये वात, वर लाकडी झाकण. वास कसला ते इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ साधारण 'समुद्रावरची सकाळ' असा निघत होता. माझा मुलगा जहाजावर नोकरी करतो. त्यानं ग्लास हुंगला आणि म्हणाला, समुद्रावर सकाळी असला वास आला तर आम्ही आधी कॅप्टनला उठवतो.

ग्लासाच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरात सूचना होत्या. मी अठरा वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटरवर आहे, त्यामुळे भिंग घरात होतंच. त्यात होतं की नीट काळजी घेतली तर ही मेणबत्ती साठ तास चालते. आणि नाही घेतली तर? ते लिहिलं नव्हतं. पोरीनं एवढ्या प्रेमानं दिलेली वस्तू, आणि आपण हेळसांड करून तिची तीस तासांत वाट लावायची?

मी नियम पाठ केले. पहिल्यांदा लावली की वरचं मेण पार काचेच्या कडेपर्यंत वितळू द्यायचं, नाहीतर पुढे कायम मध्येच खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण फुकट जातं. लावण्याआधी दर वेळी वात पाव इंच उरेल अशी कापायची. वाऱ्यात ठेवायची नाही. चार तासांच्या वर जाळायची नाही. विझवताना फुंकायची नाही, वर झाकण ठेवायचं.

वातीचं खातं ह्यांच्याकडे दिलं. हे कारखान्यात सुटे भाग मापून पास-नापास करतात. पाव इंच म्हटल्यावर त्यांनी मापाचं हत्यारच आणलं आणि वात सहा पूर्णांक पस्तीस मिलिमीटर ठेवायला सुरुवात केली. जळून वातीच्या टोकाला काळा गोळा धरतो, त्याला ते 'डोकं' म्हणायचे. ते डोकं ते नेलकटरनं छाटत. (त्या नेलकटरनं मग नखं कापायची नाहीत, असाही एक नियम झाला. पुढे बरेच दिवस आमची नखं वाढलेली होती.)

मी मेणबत्ती दोन्ही हातांनी उचलायची, फडक्यानं पुसायची, उन्हातून सावलीत न्यायची. हे एकदा म्हणाले, "एवढं तर तू मलाही कधी जपलं नाहीस. ही मेणबत्ती आहे की सूनबाई?" झालं, तेच नाव पडलं. खऱ्या सुनेला आम्ही तिच्या नावानंच हाक मारतो, त्यामुळे 'सूनबाई' हे पद घरात रिकामंच होतं.

पण एका संध्याकाळी ह्यांनी विसरून पंखा लावला. ज्योत भडकली, भिंतीवर काजळीचा पट्टा उठला, आणि ह्यांनी घाबरून जोरात फुंकर मारली. तेव्हा मी ठरवलं, कागद लावायचा. दुकानात गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर सूचनांची चिठ्ठी द्यायची असते, ती मीच लिहिते. 'कोरड्या फडक्याने पुसू नये. डोक्यावर चढवू नये.' चिठ्ठी लहान असते, म्हणून 'चष्मा' हा शब्द मी लिहीतच नाही. समोर चष्मा असतो, माणसाला कळतं. त्याच सवयीनं मी लिहिलं:

सूनबाई
पहिल्याच वेळी पूर्ण वितळवावी. तेव्हा ढिलाई केल्यास जन्मभर त्रास देते.
डोके वर काढले की छाटावे.
बाहेरचे वारे लागू देऊ नये. भडकते.
एकदा पेटली की चार तासांच्या आत शांत करावी.
फुंकर घालू नये. वरून झाकण टाकावे.
असे वागवल्यास साठ तास टिकते.

यात कुणाला काही वावगं वाटेल असं माझ्या मनातही आलं नाही. ह्यांनी वाचलं आणि 'असे' ऐवजी 'याप्रमाणे' हवं का, एवढंच विचारलं.

त्याच सुमारास मुलाचं जहाज लांबच्या फेरीवर निघालं. दहा महिन्यांची फेरी. दोघांचं भाड्याचं घर सोडायचं ठरलं आणि प्रश्न आला की दहा महिने सुनेनं राहायचं कुठं? तिचं ऑफिस आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. तिच्या आईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, दीड तासावर. पण आई ती आई. विहीणबाईंचं म्हणणं, नवरा नसताना मुलीनं सासरी एकटीनं का राहावं? मला मात्र ती हवी होती. मुलगा जहाजावर गेला की आमच्या घरात बोलायला फक्त आम्ही दोघं उरतो, आणि आमचं एकमेकांशी तीस वर्षं बोलून झालंय. मी तिच्यासाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून ठेवले होते. एक स्वतःचा, एक ह्यांचा. (ह्यांना अजून माहीत नाही.)

शेवटी असं ठरलं की रविवारी चार वाजता विहीणबाई घर बघायला येतील, सून तिची बाहेरची कामं उरकून परस्पर येईल, आणि सगळ्यांनी बसून काय ते ठरवायचं.

विहीणबाई निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलेलं. भिंतीवर, डब्यावर, बसच्या तिकिटावर, कुठंही अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय त्या पुढे सरकत नाहीत. मला त्यांची धास्ती वाटते. त्यांच्यासमोर मी ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीनं बोलतेसुद्धा सावकाश.

घरात सुगंध दरवळावा म्हणून मी दोन वाजता आतल्या खोलीत मेणबत्ती लावली. खिडक्या बंद, पंखे बंद. हे आत पहाऱ्याला. चार वाजेपर्यंत वास घरभर पसरेल, मग झाकण टाकायचं, खिडक्या उघडायच्या, असा बेत होता. विहीणबाई तीन वाजता आल्या.

घरात शिरताच त्यांनी रुमाल काढला. मग हसून, लाडानंच विचारलं, "काय, सूनबाई कुठं तुमच्या?"

"आतल्या खोलीत," मी म्हटलं. सवय वाईट असते. "दोन वाजल्यापासून. बाहेर आणली तर वारं लागतं."

त्या म्हणाल्या, पाणी घेते, तुम्ही बसा. स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. मी मनात खूश होते. ओटा लखलखीत घासला होता, बघत असतील म्हटलं. आल्या तेव्हा हातातला ग्लास भरलेलाच होता आणि चेहरा पेपर तपासताना कॉपी सापडल्यासारखा.

"फ्रिजवरचं वाचलं मी," त्या म्हणाल्या.

मला बाई बरंच वाटलं. "वाचलंत का? फार फरक पडतो हो. आधी आम्हाला यातलं काहीच कळत नव्हतं."

"आणि तुम्ही हे खरोखर करता?"

"रोज नाही. रविवारी, आणि कुणी यायचं असलं की."

"पूर्ण वितळवली?"

"साडेतीन तास लागले. हे म्हणत होते, पुरे आता, पण मी समोरून हलले नाही. पहिल्या वेळी हयगय केली की पुढे आपल्यालाच निस्तरावं लागतं."

त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. "माझी मुलगी याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही."

"ती कशाला बोलेल?" मी म्हटलं. "गुणी आहे पोर."

आणि नेमकं तेव्हाच आतून ह्यांचा आवाज आला. पाहुणे आलेले त्यांना माहीत नव्हतं. "अगं, सूनबाई भडकलीय. डोकं फारच वाढलं. आत्ताच छाटू का आधी झाकण टाकू?"

"आधी झाकण टाका," मी बसल्या जागेवरून सांगितलं. "गार पडल्याशिवाय छाटू नका."

विहीणबाई उभ्या राहिल्या. पर्स उचलली. आवाज न चढवता, वर्गाला सांगावं तसं त्या म्हणाल्या, "माझी मुलगी या घरात दहा महिने काय, दहा मिनिटंही राहणार नाही. तिला बाहेर बोलवा."

मला वाटलं, उकाड्याचा राग आला. मी पंख्याकडे धावले, बटण दाबलं, खिडकी उघडली, म्हटलं अहो, तिच्यासाठी मी कपाट रिकामं केलंय, तिला हवं तेव्हा पंखा लावू दे, काही म्हणणार नाही मी. रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात हे आतून आले. अंगात घामानं चिंब बनियन, एका हातात नेलकटर, दुसऱ्या हातात फडक्यात धरलेला ग्लास.

"सूनबाई शांत झाली एकदाची," ते म्हणाले, आणि विहीणबाईंना बघून दचकले.

विहीणबाईंची नजर नेलकटरवर गेली. त्याच वेळी दारात सून उभी राहिली, बिस्किटांचा पुडा हातात घेऊन. आईनं तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून, कानामागून हात फिरवला. सगळं जागच्या जागी होतं.

पुढची दहा मिनिटं सगळे एकदम बोलत होते. शेवटी सुनेनं कागद आणून मोठ्यानं वाचला, आणि एकेका ओळीला ह्यांनी ग्लास पुढे करून दाखवला. चौथ्या ओळीला विहीणबाईंचे खांदे हलायला लागले. सहाव्या ओळीला त्या डोळे पुसत होत्या. मग पर्समधून लाल पेन काढून त्यांनी कागदावर काकपद, म्हणजे सुटलेल्या शब्दाची खूण, घातलं आणि वर लिहिलं, 'मेणबत्ती'.

"वाक्यात कर्म लिहीत जा हो, विहीणबाई," त्या मला म्हणाल्या. "कर्म गाळलं की भोग वाट्याला येतात."

मी मान डोलावली. या वयात मला दहापैकी किती मिळाले ते विचारायचं धाडस झालं नाही.

चहा झाला. पंखा चालू, खिडक्या उघड्या, आणि सगळ्यांचा राग निवलेला. विहीणबाईंनी मुलीला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, मी इथंच राहीन, ऑफिस जवळ पडतं, आणि इथं करमणूकही होईल. विहीणबाई म्हणाल्या, ठीक आहे, पण दर शनिवारी माझ्याकडे. मी म्हटलं, मंजूर. ह्यांनी विचारलं, कपाट कुठलं रिकामं केलंस म्हणालीस? मी त्यांना बिस्कीट दिलं.

मग सून माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई, आता राहायचंच आहे तर एक सांगू? रागावू नका. मी घरात असताना ती मेणबत्ती नका लावू. त्या वासानं माझं डोकं ठणकतं. ऑफिसात कुणीतरी दिली होती, टाकवेना, म्हणून तुम्हाला दिली."

एवढे दिवस पुसून, जपून, मापून सांभाळलेला तो ग्लास टेबलावर होता. मी म्हटलं, अगं त्यात काय, तुला माझी आठवण झाली हेच पुष्कळ. आणि खरंच सांगते, मला तसं वाटलंही होतं.

विहीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "तिनं आधी मलाच आणून दिली होती. मीच म्हटलं, तुझ्या सासूबाईंना दे, त्यांना कसलंही चालतं."