अमरेशची मधुकरी

अमरेशची करंटवरची मोटरसायकल गाणगापूरहून कांद्याच्या टेम्पोत आडवी पडून परत आली. अख्ख्या राजेश्वर गावानं ती पाहिली. पण अमरेशच्या मते असं काही घडलंच न्हाई! तेव्हा आपणही टेम्पो विसरू आणि पहिल्यापासून धरू.

अमरेशला नेत्रावती पसंत होती, नेत्रावतीला अमरेश. अडचण एकच, तिचे वडील माणिकप्पा.

"मोबाईलसारखी चार्जिंगला लावायची गाडी!" ते म्हणाले. "मला पुनवेला गाणगापूरला नेऊन दाव. न्हाई तर पोरीसाठी दुसरं ठिकाण बघतो."

"एका चार्जिंगमध्ये पोचते, अप्पा! कंपनीनं लिहून दिलंय!"

कंपनीनं लिहिलं होतं ते एका हडकुळ्या माणसाच्या हिशेबानं. माणिकप्पा एकटेच तुरीच्या दोन पोत्यांएवढे, आणि मांडीवर दत्ताला वाहायची डाळ वेगळी. गाणगापूरच्या वेशीवर, लिंबाच्या झाडाखाली, गाडीनं मान टाकली.

"कामून थांबलास रे?"

"सावली बरी वाटली, अप्पा."

अप्पांना झाडाखाली बसवून अमरेशनं चार्जर झोळीत घातला आणि आधी कुठं प्लग मिळतो ते बघायला गावात निघाला. लॉजवाला म्हणाला, "रूम घेतल्याबिगर प्लग न्हाई. आन आज पुनव, रूमच न्हाई."

मग घरं उरली. गाडी सावलीत ढकलताना चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून पाय अनवाणी. कपाळावरची विभूती घामानं पसरलेली. खांद्याला झोळी. वेळ दुपारची. आणि गाणगापुरात दुपारी झोळी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला 'काय पाहिजे?' असं कुणी विचारत न्हाई. मधुकरी मागायला आलाय, हे कुत्र्यालाही कळतं!

"माय, जरा..." एवढं म्हणेपर्यंत पहिल्या घरी झोळीत भाकरी पडली. दुसऱ्या घरी भात. तिसऱ्या-चौथ्या घरी तर तोंडही उघडू दिलं न्हाई. पाचव्या घरी मल्लव्वा नावाची म्हातारी होती. तिथं त्यानं एका दमात सांगून टाकलं, "आज्जी, भाकरी नको, करंट पाहिजे!"

"करंट सकाळपासून न्हाई, बाबा," मल्लव्वा कळवळली. "पर कोरडी भाकर कशी खाशील?" आणि तिनं झोळीत पळीभर गरम आमटी ओतली. नेमकी चार्जरवर!

अमरेश परतला तो वरातीतून हाकललेल्या घोड्यासारखा. गाडी गेली, चार्जर गेला, आता नेत्रावती जाणार. माणिकप्पा भुकेनं लिंबाचा पाला न्याहाळत होते. त्यांनी अनवाणी अमरेश पाहिला, झोळी पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"पाच घरं मागितलास?"

"व्हय, पण अप्पा..."

"बोलू नको! स्वतःसाठी कुणीबी मागतंय. सासऱ्यासाठी मागणारा जावई मी पहिल्यांदा बघायलोय!"

'सासऱ्यासाठी' हा शब्द ऐकताच अमरेशनं खरं बोलायचा विचार कायमचा सोडला. माणिकप्पा पोटभर जेवले. मधेच घासाबरोबर काहीतरी लांबलचक वर आलं.

"ही वायर कुठल्या घरची रे?"

"पाचव्या."

"गरीब दिसतंय घर," म्हणून त्यांनी ती चाटून बाजूला ठेवली.

लग्न झालं. कंपनीनं चार्जर आणि त्यासोबत मोठी बॅटरीही बदलून दिली. आता गाडी गाणगापूरला जाऊन परत येते, कुठंही न थांबता. आणि इथंच घोटाळा झाला. कारण माणिकप्पांना दर पुनवेला त्याच लिंबाखाली जावयाच्या झोळीतलंच जेवण पाहिजे, आणि त्यांचं म्हणणं पक्कं आहे, "चालती गाडी जवळ ठेवून मागितलेली मधुकरी खोटी. अडलेल्याचीच खरी!"

शेवटी अमरेशनं कंपनीला अर्ज धाडला:

"मा. व्यवस्थापक, सेवा विभाग, यांस. विषय: बॅटरी वेळेवर संपणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, माझ्या गाडीची बॅटरी दर पौर्णिमेस, सासरे मागे बसलेले असताना, गाणगापूरच्या वेशीवरील लिंबाखाली, जेवणवेळेच्या आत आपोआप संपेल अशी व्यवस्था करून मिळावी. दुरुस्तीस माणूस पाठवू नये. पाठवल्यास त्याने झोळी सोबत आणावी."