धनेशची दीड बाही

पेणच्या खाडीकडच्या गावांत हळद म्हटली की घरातल्या सगळ्या पुरुषांचे शर्ट एकाच ताग्यातून निघतात. नवऱ्याचा काका, मावसा, चुलतभाऊ, कडेवरचं पोर, सगळे एका रंगाचे. घरचा कोण आणि नुसता जेवायला आलेला कोण, हे वाढप्यांना त्यावरूनच कळतं. त्यामुळे निलेशच्या हळदीला आपण तो शर्ट घालणार नाही असं त्याच्या थोरल्या भावाने, धनेशने, जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोने, नम्रताने, आधी इस्त्री बंद केली आणि मग त्याच्याकडे पाहिलं. मोरपंखी तागा तिने, घरच्या मोठ्या सुनेने, स्वतः निवडला होता.

धनेश रोह्याला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. शिफ्टला कंपनीचा युनिफॉर्म, घरी बायकोने आणलेले टी-शर्ट. (लग्नातला सूट सासऱ्यांनी पसंत केला होता आणि तो त्यांनाच जास्त शोभला असता.)

"माझी म्हणून एक स्टाईल हाय," तो म्हणाला.

"कुठे हाय?"

"आतमध्ये हाय."

"मग आतच राहू दे."

हे त्याला फार लागलं. शेवटी पैज ठरली. धनेशने कोणाचंही न बघता, स्वतःच्या डोक्यातून काढलेलं काहीतरी घालून यायचं. तसं आधी कोणीच घातलेलं नसलं, तर नम्रता त्याच्या कपड्यांत पुन्हा तोंड घालणार नाही. असलं, तर ती काढून ठेवील तेच घालायचं. "जन्मभर," नम्रता म्हणाली, "बनियनसकट."

धनेश तडक महिपती टेलरकडे गेला.

"कोणासारखा शिवू?" महिपतीने विचारलं.

"कोणासारखाच नको."

महिपतीने गळ्यातली टेप काढून ठेवली. "बंद गळा करू?"

"तो पुढाऱ्यांचा."

"चार खिसे?"

"ते शिकाऱ्यांचे."

"बाही फुल की हाफ?"

"फुल सगळेच घालतात."

"मग हाफ."

"हाफ उरलेले घालतात."

महिपतीचा चहा आला, संपला. आणि मग धनेशला ते सुचलं. अंगावर काटा आला त्याच्या. "डावी फुल ठेवा," तो हळूच म्हणाला, "आणि उजवी हाफ."

"शिवतो," महिपती म्हणाला, "पण दुकानाचं लेबल लावणार नाय."

हळदीच्या दिवशी नम्रता आधीच पुढे गेली होती. मागून धनेश रोह्याला गाडीत बसला, तर कासूला चढलेल्या एका बाईंनी शेजारच्याला उठवून त्याला खिडकी मिळवून दिली. "बसा, हात दुखत असंल." (तो बसला. कलावंतालाही खिडकी आवडते.)

मांडवात शिरल्याशिरल्या चुलतभाऊ सुशीलने अडवलं. "कंपनीच्या मशीनमध्ये गेली काय रं बाही?"

"कन्सेप्ट हाय," धनेश म्हणाला.

सुशील घाबरला. जगात काहीतरी नवीन निघालं आणि ते आपल्याला कळलं नाही, ही त्याची जुनी भीती होती. त्याने मांडवामागे जाऊन स्वतःची उजवी बाही कोपरावर दुमडली आणि परत आला. दुसऱ्याने विचारलं, तर म्हणाला, "रोह्याकडे सगळे असंच घालतात." मग मावसभावांनी दुमडली. काकांनी पोरांकडे बघून दुमडली. बेंजोवाले तापेपर्यंत मांडवातल्या यच्चयावत पुरुषांची उजवी बाही वर गेली होती, पाटावर बसलेल्या नवरदेवासकट.

धनेशला आभाळ ठेंगणं झालं. नम्रता आतल्या खोलीत बायजा आत्याबरोबर हळद कालवत होती. तो दारात जाऊन उभा राहिला. "बघ. अख्ख्या गावाने माझं उचललं. माझ्याआधी असं कोणी घातलंच नाय."

आत्याने पिवळ्या हातांनी चष्मा वर केला. "अगो नम्रता, हा तर काळुरामआबा दिसतोय."

"कोण आबा?" नम्रताने विचारलं.

"याचा आजा गो. मिठागरावर उजवी बाही खाऱ्या पाण्याने सडायची, म्हणून कापून टाकायचा. डावी ठेवायचा तोंड पुसायला. आणि धनेश, तू त्याच्या खांद्यावर बसून तीच बाही चोखायचास."

"उजवीच कापायचा?" धनेशने विचारलं.

"उजवीच."

धनेशला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. थोडं बरंही वाटलं, कारण आजोबा त्याचे फार लाडके होते. पण पैज लाडावर नव्हती. नम्रताने हात धुतले, पिशवी उघडली आणि त्याच्या मापाचा मोरपंखी शर्ट त्याच्या हातात ठेवला. इस्त्री केलेला.

तो मुकाट्याने बदलून आला. बाहेर फोटोग्राफर घरच्या पुरुषांना रांगेत उभं करत होता. धनेश मधोमध शिरायला गेला, तर त्याने हात आडवा केला.

"दादा, तुम्ही बाजूला. घरच्यांचा फोटो हाय."

"मी नवऱ्याचा थोरला भाऊ."

"मग दोन्ही बाह्या खाली कशा?"

सगळी रांग त्याच्याकडे बघू लागली. वाढपीसुद्धा. धनेशने एकदा समोरच्यांच्या हातांकडे पाहिलं, दिसलं तसं घाईघाईने दुमडलं आणि टोकाला जाऊन उभा राहिला.

तो फोटो आता रोह्याच्या घरी टीव्हीच्या वर आहे. सगळ्यांची उजवी बाही वर आहे आणि एकट्या धनेशची डावी. पाहुणे निरखून बघतात आणि नम्रताला हळूच विचारतात, "हे टोकाचे कोण? यांना जमलं नाय वाटतं."