क्लोरीनच्या अणूचं जादा वजन

खारवाडीच्या मूलद्रव्य नोंदणी कार्यालयाने एका क्लोरीनच्या अणूला जादा वजनाबद्दल नोटीस काढली, आणि तो सोमवारी साडेदहाला बायकोला घेऊन हजर झाला. बायको सोडियम. दोघंही मिठागरातली, साधी. अणूंसाठी कार्यालयात वेगळं बाकडं नव्हतं. दोघं आपली भिंतीकडच्या बाकावर टेकली.

नोटीस दमयंती खानविलकरच्या हातची होती. तिची नुकतीच इथे बदली झाली होती आणि नवा तराजूही तिच्याबरोबरच आला होता. भिंतीवरच्या तक्त्यात सतरा नंबरच्या घरात क्लोरीन राहतो, वजन साडेपस्तीस. हा भरला सदतीस. कायद्याप्रमाणे संध्याकाळी पाचच्या आत त्याचं नाव घरातून कमी करायचं होतं. तिने कागद तयार ठेवला होता, पण सकाळपासून तिला पेन उचलवत नव्हतं.

"जन्मापासून माजो इतकोच भार आसा, बाईनू," अणू म्हणाला. "मी काय कोणाचा चोरून खाल्लंय नाय."

"नाव कमी झालं की लग्नही रद्द होतं," कार्यालयाचे प्रमुख पेडणेकर साहेबांनी नियम वाचला. "लग्नात मुलीकडून मिळालेला इलेक्ट्रॉन सात दिवसांत परत करावा."

हे ऐकून सोडियम उभी राहिली. "इलेक्ट्रॉन परत इलो तर माजा काय होतला ठाव आसा तुमका? पाण्याजवळ गेल्यार आग लागतली माका. रवतंय तर मिठागरात! चारी बाजूंनी पाणी!"

दमयंतीने कागद पुढ्यात ओढला. तिने नोटीस पुन्हा वाचली. नोटिशीत कुठेच चूक नव्हती, आणि त्याचाच तिला राग आला.

"साहेब," ती म्हणाली, "बरोबर साडेपस्तीस भरणारा एक तरी समोर आणू या. ताडून बघायला."

अणूबरोबर साक्षीला तीन शेजारी आले होते, तिघेही क्लोरीन. पहिला तराजूवर चढला, भरला पस्तीस. दुसराही पस्तीस. तिसऱ्याने चढण्याआधी चपला काढल्या, तरी पस्तीसच.

साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे हे अर्ध्याने कमी आहेत. यांनाही नोटिसा काढा."

"सगळ्यांना काढल्या तर सतरा नंबरचं घर रिकामं होईल, साहेब. गावात मीठ उरणार नाही."

साहेबांच्या डब्यात त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं, आणि ते कालवण अळणी घशाखाली उतरलं नसतं. ते विचारात पडले.

दमयंती आतल्या खोलीत गेली आणि तक्त्याखाली ज्यांची सही होती त्या रेडकरभाऊंची जुनी वही शोधू लागली. रेडकरभाऊंनी एकतीस वर्षं इथे वजनं केली होती. कोळ्याच्या जाळ्यासारख्या अक्षरातली ती वही कपाटाच्या तळाशी सापडली. क्लोरीनच्या पानावर लिहिलं होतं: "काटा जाडा. एकेकट्याचे वजन दिसत नाही. म्हणून चौघांना एकदम बसवले. एकूण एकशे बेचाळीस. चारने भागले. साडेपस्तीस."

ती वही घेऊन धावतच बाहेर आली. "चौघेही चढा, एकदम!"

चौघे चढले. तराजूने एकशे बेचाळीस दाखवलं.

"साडेपस्तीस हे कुणा एकाचं वजन नाहीच," दमयंती म्हणाली. "तीन हलके नि एक जड, अशी ती सरासरी आहे. हा सदतीसचा नसता तर आपला तक्ता खोटा पडला असता. याच्यामुळेच तो खरा आहे!"

साहेब इतक्यात हार मानणारे नव्हते. "मग हा क्लोरीन कशावरून?"

"घराचा नंबर प्रोटॉनवरून पडतो, वजनावरून नाही." तिने चौघांचे प्रोटॉन मोजले. प्रत्येकाकडे सतरा. जड अणूकडे मात्र न्यूट्रॉन वीस निघाले, बाकीच्यांकडे अठरा.

"हे जादाचे दोघे कोण?" साहेबांनी विचारलं.

"घरातलेच ते," अणू म्हणाला. "कोणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय. नुसतो भार."

साहेबांनी सोडियमकडे पाहिलं. "तुमची काही तक्रार?"

"तक्रार कसली? माका तर ह्यो जड आसा ह्या आजच कळला. शेजारणी आपल्या घोवांबद्दल सांगतत, तसोच माजो पण."

हा जबाब साहेबांनी शब्दशः लिहून घेतला. नोटिशीवर आडवी रेघ मारली आणि खाली शेरा दिला: सदतीस, तरी क्लोरीन. दमयंतीने शिक्का उमटवला. तिचा हात इतका हलका झाला होता की तिने तो चुकून दोनदा उमटवला.  अणूने हात जोडले, मग ज्यावर आधी चढायला घाबरला होता त्या तराजूलाही जोडले.

दमयंती खिडकीशी येऊन उभी राहिली. तिला एवढं बरं वाटत होतं की डबा उघडायचंही ती विसरली.

नवरा-बायको बांधावरून सरळ मिठागराच्या कोंडीकडे, खाडीचं पाणी अडवलेल्या वाफ्याकडे, गेली. काठावर सोडियम क्षणभर थांबली. तिने एक पाय पाण्यात टाकला. मग दुसरा. आग लागली नाही. मागोमाग तोही उतरला आणि दोघं विरघळली. उन्हं तापली की कोंडीतलं पाणी आटणार होतं, आणि मग मिठाच्या खड्यात ती पुन्हा एकमेकांना सापडणार होती.

पाणी शांत होतं.