आप्पांचे रिकामे टेम्पो

तुमच्या घरातल्या बायका शेवटी जेवतात आणि भाजी संपली की चहावर भागवतात, याला तुम्ही संस्कार म्हणता का? मग आमच्या रघुनाथ आप्पांना घरात घेऊ नका. ते नमस्काराआधी घरधनिणीची खालची पापणी ओढून अंगात रक्त आहे का ते बघतात.

आप्पा सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर, मूळचे खानदेशातले. वस्तीत तेव्हा केबल नवी होती, पण आप्पांपुढे तीही फिकी. एकदा त्यांनी ऐन मंगलाष्टकांत नवरीची पापणी ओढली. भटजी अडखळले. आप्पा म्हणाले, "चालू द्या. पण पोरगी पांढरी आहे!"

"रक्तात लोखंड पायी फिरत नाही," ते सांगत. "ट्रान्सफेरिन नावाचा टेम्पो असतो. एका खेपेला दोन नग, तिसरा चढवत नाही. उरलेला माल गोडाऊनला, म्हणजे फेरिटिनमध्ये. मोकळा सोडला तर अंगात नासधूस!"

माझ्या सुशीलावहिनीला सातवा महिना होता. रक्त वाढलं नाही तर बाळंतपण जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनी लोहाची गोळी चहाबरोबर घेत होती. आप्पांनी ते पाहिलं आणि ग्लास मोरीत ओतला.

"आप्पा, मन्हा चहा!"

"चहा गोळीतलं लोखंड गेटावरच अडवतो! माल नाही म्हणून शरीर टेम्पो वाढवतंय. तुझ्या अंगात रिकामे टेम्पो धावताहेत, सुशीला!"

दादा हसला.

"हसतो काय? उद्यापासून ती आधी जेवेल, तू मागून."

दादाने तीन दिवस तोंड फुगवलं. चौथ्या दिवशी मुकाट्याने मागून जेवला. वहिनीचं रक्त वाढलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप.

बारशाला अख्खी गल्ली लोटली. आप्पा दिसेनात.

"बोलावलंच नाही," दादा म्हणाला. "पाहुण्यांचे चहा ओतले असते."

मला लाज वाटली. मी धावत त्यांच्या खोलीवर गेलो. आप्पा स्टोव्हपाशी एकटे बसले होते. पातेल्यात आलं घातलेला चहा उकळत होता.

"आप्पा, तुम्ही चहा पिता?"

"जेवून तीन तास झाले. आता चालतो." ते ओशाळले. "खूप आवडतो रे. पण मला कोणी चहाला बोलवत नाही. सुशीलाची पापणी?"

"लालबुंद."

त्यांनी फळीवरून दुसरा कप काढला. त्यावर धूळ होती. ती धोतराने बराच वेळ पुसत राहिले.

"बठ, भो," म्हणत त्यांनी माझ्यासाठी पाट सरकवला.

तुमच्या गल्लीतही असा एखादा छळवादी असेल. उद्या दुपारी चार वाजता त्याला चहाला बोलवा.